रूपरावांचं इंजेक्शन

वडनेरच्या रूपराव झाड्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असं सारं गाव म्हणायचं. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बैल उधळून माणसांच्या अंगावर आले की बाकीचे वाट फुटेल तिकडं पळायचे आणि रूपराव पुढं होऊन वेसणीला हात घालायचे. वखरताना पायाशी साप निघाला तर "जाय बावा आपल्या वाटेनं" म्हणून तो जाईपर्यंत शांतपणे उभे राहायचे. कौशल्याबाईला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. लग्न होऊन ती नुकतीच घरात आली होती तेव्हा गावात देवीची लस टोचायला सरकारी माणूस आला होता. हा धिप्पाड गडी त्या वेळी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला आणि तो माणूस शीव ओलांडून जाईपर्यंत बाहेर आला नाही. कौशल्याबाईनं ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही. भाकरी थापता थापता आठवली की ती एकटीच हसायची.

कौशल्याबाई केळझरची. बुटकी, सावळी, बोलायला कमी. तिचे हात मात्र सारखे चाललेले असायचे. कापूस वेचताना दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी पडायचे, आणि तिनं घातलेला टाका लुगड्यात शोधून सापडायचा नाही. रूपराव गडगडाटी आवाजाचे, चारचौघांत रमणारे. पोटी एकच मुलगी, कोकिळा. ती लग्न होऊन सेलूला गेली होती. घरात आता ही दोघं आणि रूपरावांची आई, रुख्माबाई. आणि अर्थात गोठ्यात लाल्या आणि बगळ्या. त्यांना बैल म्हटलेलं रूपरावांना चालत नसे.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात रूपरावांना तहान लागायला लागली. पिकात डवरणी करताना ओळीच्या टोकाला पोचले की बांधावरच्या मडक्याकडं वळायचे. तांब्या खाली ठेवला की पुन्हा उचलायचे. जेवण वाढलं, पण अंग उतरत चाललं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. परसात ते लघवीला बसायचे तिथं मुंग्यांच्या रांगा लागल्या.

"नजर लागली माह्या पोराले," रुख्माबाई म्हणाल्या. "जोडी पटात पहिली आली ना, तवापासूनच."

मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मग गावातल्या जाणत्यांनी सांगितलेले उपाय झाले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्रभर भिजवलेल्या मेथ्या, बेलाचा पाला. रूपराव सगळं बिनतक्रार घ्यायचे. कितीही कडू असलं तरी ते तोंडानं घ्यायचं होतं, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

दसऱ्याच्या सुमारास पाठीवर फोड उठला. आधी बोराएवढा, मग लिंबाएवढा, मग त्याला कितीतरी तोंडं फुटली. काळपुळी होती ती. ताप चढला, रूपराव असंबद्ध बडबडायला लागले. त्यांचा जिवाभावाचा दोस्त प्रेमदास, पटात त्यांच्या जोडीवर बसणारा धुरकरी, त्यानं त्याच लाल्या-बगळ्याला बंडीला जुंपलं आणि हिंगणघाट गाठलं. तिथल्या डॉक्टर श्रीनिवासरावांनी पाठ पाहिली, लघवी तपासली आणि बसूही दिलं नाही.

"मधुमेह आहे, फार वाढलाय. इथं थांबू नका. असेच गाडीनं वर्ध्याला न्या."

वर्ध्याच्या दवाखान्यात पुळी कापली, पेनिसिलिन सुरू झालं आणि त्याबरोबर इन्सुलीन. पहिले काही दिवस आपल्याला सुया टोचताहेत हे रूपरावांना कळलंही नाही, इतके ते तापात होते. हळूहळू ताप उतरला, जखम भरत आली, माणसं ओळखू यायला लागली. आणि मग एका सकाळी नर्सबाई पिचकारी घेऊन आल्या तशी त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"बाई, मी आता बरा झालो. आता हे कायले?"

नर्सबाईंचं नाव पद्माबाई. नालवाडीला राहायच्या, तिथून पायी यायच्या. आवाज न चढवता हवं ते करून घ्यायची त्यांना सवय होती.

"बरे झालात ते ह्याच्यामुळंच. शरीराला लागतं ते इन्सुलीन तुमच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, म्हणून साखर रक्तात साठते. ते बाहेरून द्यायचं. घरी गेल्यावरसुद्धा, रोज."

"रोज?" चादरीतून आवाज आला. "अन् घरी कोन टोचीन? आमच्या गावात ढोराचाबी डॉक्टर नाई."

पद्माबाईंनी खाटेच्या पायथ्याशी पाहिलं. कौशल्याबाई जमिनीवर बसून रूपरावांच्या फाटक्या सदऱ्याला टाके घालत होती. पद्माबाई वाकल्या, सदरा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्या टोचतील."

कौशल्याबाईच्या हातातली सुई तशीच राहिली. "मी?"

"कपड्याला टोचता, तसंच."

"कपडा वरडत नाई, बाई."

पद्माबाई हसल्या. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी बाजारातून संत्री आणली. पिचकारीत पाणी भरून त्यांनी दाखवलं: सुई कशी धरायची, साल कशी चिमटीत घ्यायची, सरळ आत जाऊन दांडा कसा सावकाश दाबायचा. संत्र्याची साल आणि माणसाची कातडी सारखीच लागते, म्हणाल्या. कौशल्याबाई दिवसभर व्हरांड्यात बसून संत्र्यांना टोचत राहिली. अक्षरओळख नव्हती, पिचकारीवरच्या रेघा तेवढ्या तिनं नीट लक्षात ठेवल्या. औषध दुधासारखं पांढरं होतं. बाटली घुसळायची नाही, वाती वळतो तशी दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायची, हे तर तिला एकदाच सांगावं लागलं. टोचलेली संत्री तिनं रूपरावांच्या उशाशी ओळीनं मांडली. त्यांनी एकवार तिकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग ती सकाळ आली. पद्माबाई पाठीमागं उभ्या. कौशल्याबाईनं मांडी स्पिरिटनं पुसली.

"टोचू का?"

"थांब वं."

ती थांबली.

"हं... नाई, थांब, थांब."

तिनं पिचकारी तशीच धरून ठेवली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा काढाव्यात तसं विचारलं, "तुमची अगदी पयली जोडी कोनती वो? मी यायच्या आधीची?"

"पयली?" रूपरावांचे डोळे छताकडं गेले. "पयला तो पाखऱ्या. आर्वीच्या बाजारातून बापानं आनला होता. अन् त्याच्या जोडीले... काय बरं त्याचं नाव..."

"झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं."

रूपरावांनी मांडीकडं पाहिलं, मग बायकोकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ही बाई आपल्याला अशी बनवू शकते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर पहिली अडचण रुख्माबाईंची. कौशल्याबाईनं पातेल्यात पिचकारी आणि सुई उकळायला ठेवली, तशा त्या चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाईनं आपल्या नवऱ्याच्या आंगाले सुई टोचाची? असं कुठं असते का? पाप लागते."

"मंग आत्याबाई, तुमी टोचा," कौशल्याबाई म्हणाली आणि चिमट्यानं उकळत्या पाण्यातून सुई वर काढून दाखवली. "आईले तर पाप नाई लागत."

रुख्माबाईंनी सुई पाहिली. लगेच पदरानं कपाळ पुसलं. "तूच टोच बापा," म्हणाल्या आणि देवघरात निघून गेल्या.

हळूहळू त्या घराला त्या औषधाची शिस्त लागली. सकाळी लघवीची तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, थोडे थेंब लघवी टाकायची आणि दिव्यावर उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटेसारखा लाल झाला तर मग घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. रुख्माबाई रोज अंगणातूनच ओरडून विचारायच्या, "आज कोनता रंग निंगाला वं?" शेजारणींना वाटायचं सासूसून लुगडी रंगवताहेत. सुई बोथट झाली की रूपराव ती बारीक दगडावर घासून धार लावून द्यायचे. हे काम ते मन लावून करायचे. टोचून घेताना मात्र डोळे मिटलेले, आणि तोंडानं कुठल्या ना कुठल्या बैलाची हकीकत चालू. कौशल्याबाई सुई बाहेर काढून, कापूस दाबून, भांडी आवरायला लागली तरी हकीकत संपायची नाही. मग ती तशीच बसून ऐकायची. आजवर सकाळच्या वेळी ती दोघं अशी समोरासमोर कधी बसली नव्हती. तिची सकाळ चुलीत जायची, त्यांची गोठ्यात.

औषध थंड ठेवायचं होतं. कौशल्याबाईनं मोठ्या मडक्यात नदीची रेती भरली, तिच्यात लहान मडकं बसवलं, त्यात बाटली. पिण्याच्या माठाखाली ते ठेवलं, म्हणजे माठ पाझरेल तशी रेती ओली राहील. उन्हाळ्यात गाव भट्टीसारखं तापायचं, पण त्या मडक्यात हात घातला की गार लागायचं.

तरीही पहिल्याच उन्हाळ्यात नळीतला रंग बिघडला. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा. कौशल्याबाईनं नळी उजेडात धरून पाहिली. आंब्याचे दिवस होते. रूपरावांना रस किती आवडतो हे तिच्याहून कोणाला जास्त माहीत असणार?

"कुठं खाल्ला?" तिनं विचारलं.

"काय?"

"आंबा. वावरात खाल्ला का प्रेमदासभाऊच्या घरी?"

"नाई खाल्ला."

"मंग हा रंग काऊन असा?"

"त्या रंगालेच इचार," रूपराव म्हणाले आणि उठून गेले.

ती प्रेमदासच्या घरी जाऊन आली. त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिचा विश्वास बसला नाही. दोस्त दोस्ताचीच बाजू घेणार. त्या दिवसांत इंजेक्शन मुकाट्यानं व्हायचं. ती बैलाचं विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. नुसती सुई तेवढी टोचली जायची, आणि पहिल्यांदाच रूपराव सुई टोचताना "हाय" म्हणाले. पुन्हा तहान लागायला लागली. पुन्हा सदरा ढगळ झाला. तेव्हा मात्र कौशल्याबाई घाबरली आणि नवऱ्याला घेऊन, औषधाची बाटलीसुद्धा ओल्या फडक्यात गुंडाळून, मोटारीनं हिंगणघाटला गेली.

डॉक्टर श्रीनिवासरावांनी बाटली तळव्यात फिरवली आणि खिडकीपाशी नेली. आत फाटलेल्या दुधासारखे कण काचेला चिकटले होते.

"ही बाटली तापलीय. उन्हात ठेवली होती का?"

"नाई जी. ओल्या रेतीत राह्यते."

"औषध मेलंय ह्यातलं. हे टोचलं काय आणि पाणी टोचलं काय." डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "आणि हे लाल काय लागलंय? कुंकू आहे का?"

बाटलीवरच्या कागदावर खरंच कुंकवाचं बोट होतं. कौशल्याबाईनं ते आधी पाहिलं होतं. आपल्याच हाताचं लागलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं डॉक्टरांकडून नवी बाटली घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली.

घरी आल्यावर तिनं सासूला जवळ बसवून हळूच विचारलं. रुख्माबाईंनी काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. कौशल्याबाई वावरात गेली की त्या बाटली काढायच्या, देवघरातल्या कोनाड्यात ठेवायच्या, हळदकुंकू वाहायच्या, समोर दिवा लावायच्या. कोनाड्यासमोरच्या झरोक्यातून दुपारभर ऊन यायचं. सून घरी यायच्या आत बाटली परत रेतीत.

"ज्या औषधानं माहं पोरगं जित्तं राह्यलं, ते चिखलात पडून राह्यते, मले पाह्यवत नवतं बापा," रुख्माबाई म्हणाल्या. औषध तापून मेलं हे कळल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मंग म्याच माह्या पोराले..."

"तसं नाई, आत्याबाई," कौशल्याबाईनं त्यांचा हात धरला. "तुमाले कोनी सांगतलं होतं का? मीच सांगतलं नाई." आणि तिनं औषधाची जुनी रिकामी बाटली धुऊन त्यांच्या हातात दिली. "हे घ्या. हिची पूजा करा. भरलेली मात्र रेतीतच राहू द्या."

मग ती गोठ्यात गेली. रूपराव बगळ्याची पाठ घासत होते.

"मी चुकली," ती म्हणाली.

रूपराव घासतच राहिले. मान न वळवताच म्हणाले, "मंग आता एखांदा आंबा खाऊ काय?"

"नाई."

"एक फोड?"

"नाई म्हनलं ना."

दोघांनाही हसू आलं.

पंचावन्नच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, जवळच्या एका गावी शंकरपट भरला. आजारपणानंतर रूपराव पहिल्यांदाच जोडी घेऊन निघाले होते. कौशल्याबाईही बरोबर आली. पट पाहायला नव्हे, तर डबा घेऊन. सकाळी घरूनच इंजेक्शन झालं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की टोचल्यावर वेळेवर जेवण झालंच पाहिजे. नाहीतर साखर इतकी खाली येते की माणसाचं भान हरपतं, मग लगेच गूळ द्यायचा.

बायकांच्या बंड्या एका बाजूला, बाभळीखाली. कौशल्याबाईनं भाकरी, वांग्याची भाजी सोडून ठेवली. रूपराव आले नाहीत. निरोप पाठवला, तर उत्तर आलं, आता जोडी सुटतेच आहे, मग जेवतो. ऊन डोक्यावर आलं. पुन्हा निरोप, पुन्हा तेच उत्तर. आधीची एक जोडी रेषेवर अडून बसली होती, भांडण चाललं होतं, वेळ लागत होता. कौशल्याबाई पुन्हा पुन्हा उठून गर्दीकडं पाहत होती. पुरुषांच्या त्या गर्दीत जाणं तिला कसंसंच वाटत होतं.

तेवढ्यात प्रेमदास धावत आला. "वहिनी, भाऊ कसंतरीच करून राह्यला! माह्यावरच धावला. म्हनते, तू कोन?"

तिनं डब्याजवळचं गुळाचं फडकं उचललं आणि पळाली. पदर सावरायचंही भान राहिलं नाही. गर्दीच्या मध्ये रूपराव उभे होते, पाय फाकवून, घामानं निथळत. तोंडातून शिव्या जात होत्या. ज्या माणसाच्या तोंडून बैलालाही कधी वाकडा शब्द गेला नव्हता, तो माणूस पंचांना शिव्या देत होता. आजूबाजूचे हसत होते.

"आज रूपरावनं चांगलीच घेतली!" कोणीतरी म्हणालं.

"माळकरी म्हनवते अन् पाह्य!" दुसरा म्हणाला.

कौशल्याबाई त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "गूळ खा."

"हट!" त्यांनी तिचा हात झटकला. खडा मातीत पडला. तिनं दुसरा घेतला. त्यांनी तोही उडवला. मग त्यांचे पाय लटपटले आणि ते खाली बसले. तिनं संधी सोडली नाही. जमिनीवर बसली, त्यांचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं आणि गुळाचा बारीक तुकडा गालाच्या आत बोटानं सारला. "प्रेमदासभाऊ, पानी आना. गूळ विरघयवा त्याच्यात." जरा गिळायला लागल्यावर तिनं गुळाचं पाणी घोट घोट पाजलं. सगळ्या पटासमोर, मातीत बसून, नवऱ्याचं डोकं छातीशी धरून. हसणारे मागं सरले. तिचं कोणाकडं लक्षच नव्हतं. ती नुसती त्यांच्या डोळ्यांकडं पाहत होती, ओळख परत येते का म्हणून.

ओळख परत आली. रूपरावांनी आजूबाजूची माणसं पाहिली, मातीतले गुळाचे खडे पाहिले, बायकोचा भिजलेला पदर पाहिला.

"कोकिळेची माय, तू अठी?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"हाव. जेवाले चला."

दारू प्याला म्हणणारा माणूस पुढं आला. "भाऊ, आमाले वाटलं..."

"त्यायले औषध लागू झालं होतं," कौशल्याबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या पुरुषांसमोर बोलत होती, आणि आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "साखरेचा आजार हाय. औषध घेतलं अन् जेवन नाई झालं तर असं होते. दारू नाई, काई नाई. आता समजलं ना?"

जोडी त्या दिवशी सुटलीच नाही. बाभळीखाली भाकरी खाताना रूपरावांनी मान वर केली नाही. जेवून झाल्यावर म्हणाले, "मी तुह्या हाताले मारलं काय?"

"लागलं नाई."

"मारलं ना पन?"

"मारलं." तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "म्हनून तर आता जेवाले बोलावलं की येत जा."

त्यानंतर रूपराव जेवणाला बोलवायची वाट पाहत नसत. ऊन डोक्यावर यायच्या आतच ते ताटावर हजर असायचे, पाहुणे असले तरी, पेरणी चालली असली तरी.

अठ्ठावन्न साली डॉक्टर श्रीनिवासरावांनी एक नवीन औषध दाखवलं. पांढऱ्या गोळ्या. मधुमेहाची गोळी निघाली आहे, पोटात घ्यायची, म्हणाले. रूपराव खुर्चीतून अर्धे उठले.

"सुई नाई?"

"पाहू या. तुमच्यासारख्यांना लागू पडते बऱ्याचदा. इन्सुलीन एकदम बंद नाही करायचं. हळूहळू कमी करू, रंगावर लक्ष ठेवू."

गोळी लागू पडली. पिचकारीत रेघा कमी कमी होत गेल्या आणि एक दिवस पिचकारी उकळावी लागली नाही. नळीतला रंग निळ्यावर राहिला, कधी जरासा हिरवट. रूपरावांनी गावभर सांगितलं. रुख्माबाईंनी गोळ्यांच्या डबीलाही कुंकू लावलं. ह्या वेळी सुनेला विचारून.

कौशल्याबाईला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण सकाळी रूपराव पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळायचे आणि गोठ्याकडं चालू लागायचे. तिचे हात रिकामे राहायचे. ती चुलीपाशी जायची, भाकरी टाकायची. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आपल्याला करमत नाही. असं कसं म्हणावं, नवऱ्याची सुई सुटली म्हणून करमत नाही? तिनं कोणालाच सांगितलं नाही.

मग एका सकाळी रूपराव गोळी घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून तिच्यासमोर पाटावर येऊन बसले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. त्या पाखऱ्याच्या जोडीदाराचं नाव आज आठोलं मले."

"सांगा मंग," ती म्हणाली आणि तवा खाली उतरवला.

त्याच वर्षी गावच्या शाळेत माधव मास्तर नवे बदलून आले. त्यांची बायको इंदिरा, वीस-बावीसची, वर्ध्यात वाढलेली, दोऱ्यासारखी बारीक. तिलाही मधुमेह होता. तिनं आल्या आल्या गोळ्यांची चौकशी केली, पण डॉक्टरांनी मान हलवली. अंगात थोडं तरी इन्सुलीन तयार होत असेल तर गोळी त्याला जोर देते, म्हणाले. तुझ्या अंगात ते तयारच होत नाही, तुला सुईच लागेल. आणि त्यांनी तिला कौशल्याबाईचं घर सांगितलं.

माहेरी आई टोचायची. इथं आल्यावर मास्तरांनी एकदा प्रयत्न केला, तर त्यांनाच घेरी आली. इंदिरा ओटीवर उभी राहून हे सांगताना हसत होती, पण डोळे भरलेले होते.

"अंदर ये," कौशल्याबाई म्हणाली.

ती रोज सकाळी मास्तरांच्या घरी जायला लागली. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं की मुलीच्या दोन्ही मांड्या एकाच जागी टोचून टोचून कडक झाल्या आहेत. "इथं नाई आता. आज इकडं, उद्या तिकडं. जमीनबी पड ठेवावी लागते ना?" सुई टोचताना ती इंदिराला तिच्या शाळेतल्या मैत्रिणींबद्दल विचारायची. रूपरावही कधीमधी बरोबर जायचे, ओट्यावर बसून मास्तरांना धीर द्यायचे. "डरायचं नाई, मास्तर. मीबी आधी डरत होतो," असं सगळ्यांच्या देखत सांगायचे. कौशल्याबाई आतून ऐकायची.

काही महिन्यांनी तिनं इंदिराच्या हातात पिचकारी दिली.

"मी? स्वतःला?"

"मंग काय. मी काई जन्मभर पुरनार नाई. अन् मास्तरची बदली झाली तर?"

इंदिरानं मांडी चिमटीत धरली. सुई जवळ नेली आणि परत मागं घेतली. तिनं वर पाहिलं. कौशल्याबाई समोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मदतीला पुढं होण्याची ओढ लागू नये म्हणून तिनं बोटं एकमेकांत घट्ट अडकवून घेतली होती.

"मावशी, नाही जमणार मला."

"जमते वं. मी आहो ना अठी."

इंदिरानं श्वास घेतला आणि सुई आत गेली. दांडा सावकाश खाली आला. तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि मग ती रडायला लागली आणि हसायलाही लागली. कौशल्याबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग इंदिरा उठली, डोळे पुसले आणि चहा करून घेऊन आली. कौशल्याबाईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यात साखर नाई वं."

"आमच्याकडं आता चहात घालतच नाही, मावशी."

"माह्या चहात टाक बाई," कौशल्याबाई कप पुढं करत म्हणाली. "मले काई झालं नाई."